पहिल्या चढाईचा दावा आणि ‘पर्यावरणपूरक’ लेबल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला तरुण प्रस्तरारोहकांचा एक गट येत्या हिवाळ्यात सह्याद्रीतल्या एका कड्याच्या अजून कुणी न चढलेल्या बाजूने नवा मार्ग काढणार आहे. कपडे आणि सामान विकणारी एक कंपनी खर्च उचलायला तयार आहे. तिच्या अटी दोन. मोहिमेला ‘भारतातली पहिली कार्बन न्यूट्रल प्रथम चढाई’ म्हणायचं, आणि कंपनीच्या ‘पीएफसी-मुक्त’ जॅकेटची, ‘बांबूच्या’ टी-शर्टची आणि ‘कंपोस्टेबल’ पिशव्यांची समाजमाध्यमांवर शिफारस करायची. गटाने विचारलंय की यात काही वावगं आहे का, आणि असं सामान निवडताना नेमकं काय बघायचं.

माझं उत्तर आधीच सांगते. पैसे घ्या, ते वाक्य घेऊ नका. जॅकेट, टी-शर्ट आणि पिशव्यांबद्दल कंपनीकडे लेखी पुरावा मागा आणि तो हातात पडेपर्यंत एकही पोस्ट टाकू नका. मी कापडावरच्या रसायनांच्या तपासणीचं काम करते आणि कॉलेजपासून सह्याद्रीत चढते आहे. या दोन्ही ठिकाणी दावा तपासायची रीत एकच आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी चढाईबद्दल लिहिते.

आपल्याकडे कुणी पहिल्या चढाईचा दावा केला की जुनी मंडळी काही गोष्टी विचारतातच. माथा म्हणजे नेमका कुठला? मार्ग कुठून सुरू झाला आणि कुठे संपला? बोल्ट, म्हणजे कातळात भोक पाडून कायमचे बसवलेले खिळे, किती मारले, वरून आधी दोर सोडला होता का? आणि हे सगळं परक्या माणसाला पडताळता येईल असं काय आहे तुमच्याकडे? हे प्रश्न कुणाला खाली दाखवायला विचारलेले नसतात. या क्षेत्राने ठेचा खाल्ल्या आहेत, त्यातून ही सवय लागली.

फ्रेडरिक कुक या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये अलास्कातलं डेनाली, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर, सर केल्याचं जाहीर केलं. सोबत छायाचित्र होतं: टोकावर ध्वज धरून उभा असलेला त्याचा साथीदार. जगाने विश्वास ठेवला. १९१० मध्ये बेलमोर ब्राउन आणि हर्शेल पार्कर यांनी ती जागा शोधून काढली. खऱ्या शिखरापासून सुमारे ३० किलोमीटर लांबचं ते एक छोटं टेकाड निघालं. छापताना छायाचित्राची कड कापली होती, त्यामुळे शेजारची उंच शिखरं चौकटीबाहेर गेली होती. छायाचित्र खरं होतं, ध्वज खरा होता, माणूसही खरा होता. खोटी होती ती चौकट. डेनालीच्या मुख्य माथ्यावर माणूस पहिल्यांदा पोहोचला तो १९१३ मध्ये, हडसन स्टक यांच्या मोहिमेत. सर्वांत पुढे होता वॉल्टर हार्पर.

दुसरं उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पातागोनियातल्या सेरो टोरेचं. चेझारे मायेस्त्री या इटालियन आरोहकाने १९५९ मध्ये हा सुळका चढल्याचं सांगितलं. उतरताना त्याचा साथीदार टोनी एगर मरण पावला आणि कॅमेरा त्याच्यासोबत गेला. शंका वाढत गेल्या, तेव्हा १९७० मध्ये मायेस्त्री कॉम्प्रेसरवर चालणारं ड्रिल घेऊन परतला आणि त्याने कड्यात शेकडो बोल्ट ठोकले. तरीही माथ्यावरच्या बर्फाच्या टोपीवर तो चढला नाही. ती टोपी म्हणजे डोंगराचा भागच नव्हे, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जिथवर आपण पोहोचलो तिथे शिखर संपतं, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं! सेरो टोरेची निर्विवाद पहिली चढाई १९७४ मध्ये कासिमिरो फेरारी यांच्या इटालियन चमूने केली. २०१२ मध्ये दोन तरुण आरोहकांनी मायेस्त्रीचे शंभराहून अधिक बोल्ट उपटून काढले, तेव्हा त्यावरही जगभर भांडण झालं.

खोटेपणाचा हेतू नसतानाही असं होतं. नेपाळमधल्या ८,१६३ मीटर उंचीच्या मनासलूवर वर्षानुवर्षं बहुतेक मोहिमा माथ्याच्या थोडं अलीकडे, जिथे बांधलेला दोर संपायचा तिथे थांबत आणि शिखर सर झाल्याचं सांगत. २०२१ मध्ये ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रात खरा माथा त्यापलीकडे असल्याचं स्वच्छ दिसलं, आणि मग नोंदींचे निकषच बदलावे लागले. नेपाळमधल्या चढायांची नोंद ठेवणाऱ्या एलिझाबेथ हॉली यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या पत्रकार होत्या, स्वतः कधी शिखर चढल्या नाहीत. काठमांडूत उतरलेल्या मोहिमांना गाठून त्या बारीकसारीक प्रश्न विचारत आणि भलेभले आरोहक त्यांच्यापुढे जपून बोलत. दावा तपासायला स्वतः डोंगर चढावाच लागतो असं नाही. नेमके प्रश्न विचारावे लागतात.

आणि पुण्याने तर हे स्वतः पाहिलंय. २०१६ मध्ये इथल्या एका पोलीस दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं, नेपाळ सरकारचं प्रमाणपत्रही मिळालं. शंका आधी पुण्याच्याच गिर्यारोहकांनी घेतली. दुसऱ्या आरोहकाच्या छायाचित्रांत फेरफार केल्याचं चौकशीत निघालं, प्रमाणपत्र रद्द झालं आणि नेपाळने दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. याच शहरातून १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले, २०१२ मध्ये गिरिप्रेमी या संस्थेचा नागरी चमू गेला. त्या चढायांची किंमत राखायची म्हणून इथले गिर्यारोहक तेव्हा बोलले. सरकारी प्रमाणपत्र समोर असतानाही बोलले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता हेच प्रश्न घेऊन तुमच्या प्रायोजकाच्या वाक्याकडे या.

‘कार्बन न्यूट्रल’ म्हणजे झालेलं उत्सर्जन भरून काढून हिशोब शून्यावर आणलेला. असं म्हणताना चौकट कुठे आखली आहे? पुण्याहून पायथ्याच्या गावापर्यंत गाड्यांचं डिझेल मोजलं असेल, असं धरू. चाचपणीसाठी केलेल्या आधीच्या फेऱ्या मोजल्या का? दोर, हार्नेस, नवी जॅकेटं तयार होताना झालेलं उत्सर्जन? छायाचित्रं काढायला मुंबईहून येणारा चमू? कापड विणणं, रंगवणं, त्यावर लेप चढवणं यांत खर्ची पडणारी ऊर्जा तुमच्या दोन दिवसांच्या प्रवासापेक्षा सहज जास्त भरू शकते. ते सगळं चौकटीबाहेर ठेवून आकडा शून्यावर आणला, तर तो कुकच्या छायाचित्रासारखा होतो. त्यात उरलेलं उत्सर्जन बहुधा कुठेतरी लावलेल्या झाडांच्या नावे वजा केलेलं असतं. झाड ते काम करायला काही दशकं घेतं, जगलं तर. युरोपीय संघाने म्हणूनच केवळ अशा भरपाईच्या आधारावर एखाद्या वस्तूला ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणायला बंदी घालणारा कायदा केला. त्याची अंमलबजावणीची तारीख २७ सप्टेंबर २०२६ आहे. बरं, ‘भारतातली पहिली’ हे कुणी कोणत्या नोंदवहीतून ठरवलं? अशी नोंदवही नाही. तुमच्या चढाईला ‘पहिली’ म्हणायला मार्गाचा नकाशा आणि साक्षीदार असतील. या दुसऱ्या ‘पहिली’ला काहीच नाही.

जॅकेटबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे लेबलाची भाषा सर्वांत चलाखीची आहे आणि हे माझं रोजचं काम आहे.

पावसाचं पाणी कापडावर मुरू नये, थेंब होऊन घरंगळावं, म्हणून बाहेरच्या थरावर एक लेप देतात. कित्येक दशकं हा लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचा होता. त्यांच्या मोठ्या कुळाला आज पीएफएएस म्हणतात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका पक्का असतो की ही रसायनं निसर्गात सहजी मोडत नाहीत. पाण्यात, मातीत, रक्तात साठत राहतात. आधी आठ कार्बनची साखळी असलेली वापरात होती. त्यांतलं पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलं. मग उद्योगाने सहा कार्बनची साखळी घेतली आणि लेबलवर लिहिलं ‘पीएफओए-मुक्त’. अक्षरशः खरं. पण तितकंच चिवट भावंड तिथे हजर होतं, ते ग्राहकाला कळायचा मार्ग नव्हता.

त्यापुढची पायरी ‘पीएफसी-मुक्त’ची. पीएफसी हे याच फ्लोरिनयुक्त रसायनांचं बाजारातलं नाव. इथे विचारायचं: काय मुक्त, वरचा लेप की अख्खं जॅकेट? अनेक जलरोधक जॅकेटांत आतला पातळ पडदा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्याच द्रव्याचा असतो आणि पीटीएफई हेही फ्लोरिनचंच बहुवारिक (पॉलिमर). ‘पर्यावरणाला चिंताजनक पीएफसी नाहीत’ अशा शब्दांची एक काळजीपूर्वक बेतलेली पाटी काही वर्षं बाजारात होती. त्या ‘चिंताजनक’च्या व्याख्येतून पडदा बाहेर राहायचा. मायेस्त्रीची बर्फाची टोपी ती हीच. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कापडांत मुद्दाम घातलेल्या पीएफएएसवर बंदी आणली. अतिवृष्टीत वापरायच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली, पण तोवर त्यांवर पीएफएएस असल्याचं स्पष्ट लिहायला लावलं. तिथला निकष मोजता येणारा आहे: एकूण सेंद्रिय फ्लोरिन १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) आत, २०२७ पासून ५० पीपीएम. प्रायोजकाकडे असाच अहवाल मागा. तयार जॅकेटवर केलेली चाचणी, नमुन्याचा बॅच क्रमांक, तारीख, प्रयोगशाळेचं नाव, आकडा. एकदा एका पुरवठादाराने मला मोठ्या उत्साहाने जे प्रमाणपत्र पाठवलं ते कच्च्या कापडाचं होतं, लेप चढवण्याआधीचं. असे कागद पुष्कळ फिरतात.

डोंगरातल्या माणसाला याचं काय, असं कुणी म्हणेल. २०१९ मध्ये एव्हरेस्टवरून आणलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या नमुन्यांत पीएफएएस सापडलं. त्याच मोहिमेच्या नमुन्यांत ८,४४० मीटर उंचीपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण मिळाले, त्यांत पॉलिएस्टरचे धागे सर्वाधिक. आपण अंगावर घालतो तेच ते कापड. त्यामुळे ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ लिहिलेलं फ्लीस घेतानाही हे ध्यानात ठेवा की धुताना त्यातून धागे सुटायचे थांबत नाहीत. शिवाय ते पॉलिएस्टर बहुतांशी पाण्याच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या कपड्यांपासून नाही. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डचं चिन्ह असेल तर निदान अर्धा माल पुनर्वापरातला असल्याची साखळी तपासलेली असते. निव्वळ हिरव्या बाणांच्या चित्राला काही अर्थ नाही. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चं चिन्हही बऱ्याच जणांना पर्यावरणाचं वाटतं. ते मुख्यतः घालणाऱ्याच्या आरोग्याला अपायकारक द्रव्यं तपासतं. काम चांगलं आहे, पण प्रश्न वेगळा आहे.

फ्लोरिन नसलेला लेप कमी प्रतीचा असतो का? पाण्यापुरता नाही. तेलापुढे मात्र तो कच्चा पडतो. घाम, सनस्क्रीन, स्वयंपाकाचा धूर बसला की पाणी मुरायला लागतं, म्हणून असं जॅकेट वरचेवर धुवावं आणि पुन्हा लेप द्यावा लागतो. हे विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे. आणि खरं सांगू का, तुम्ही डिसेंबर-जानेवारीत चढणार आहात. त्या दिवसांत सह्याद्रीत पाऊस नसतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पहाटेच्या वाऱ्याला साधी विंडचीटर, एवढं पुरे. गटातल्या प्रत्येकाला नवं जलरोधक जॅकेट हवंच कशाला? पर्यावरणाची एवढी काळजी असलेल्या प्रायोजकाला हे पैसे चांगल्या बोल्टांवर खर्च करायला सांगा.

बांबूचा टी-शर्ट हा सोपा विषय आहे. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या प्रक्रियेतून नेऊन धागा काढतात. तो व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन हा कृत्रिमरीत्या काढलेला धागा. मूळ वनस्पतीचे कथित जंतुनाशक गुण त्यात उरत नाहीत, आणि कार्बन डायसल्फाइड कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन बड्या विक्रेत्यांवर रेयॉनला बांबू म्हणून, पर्यावरणपूरक म्हणून विकल्याबद्दल कारवाई केली. दोघांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला. शिफारस करायचीच तर ‘बांबूपासून केलेलं व्हिस्कोस’ म्हणा. त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने नोरोना या डोंगरी कपड्यांच्या कंपनीला टी-शर्टवरचे पर्यावरणाचे आकडे दिशाभूल करणारे ठरवून थांबवलं. ते आकडे उद्योगाच्या सरासरीवरून काढलेले होते, त्या टी-शर्टच्या प्रत्यक्ष मोजणीवरून नव्हते. म्हणजे चांगलं नाव असलेल्या कंपन्याही यातून सुटत नाहीत.

पिशव्या. कंपोस्टेबल प्लास्टिक आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाने तपासतात. ते औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातलं वातावरण धरून चालतं, सुमारे ५८ अंश तापमान आणि भरपूर ओल. कड्यावरच्या खोबणीत किंवा पायथ्याच्या शेताच्या बांधावर ती पिशवी साध्या प्लास्टिकसारखीच पडून राहील. तिच्या निर्मात्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर पिशवी कोणत्या परिस्थितीत कुजते, हेही तिच्यावर लिहावं लागतं. पुण्यात घरोघरचा कचरा वेचणाऱ्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या ताई वर्गीकरण हातांनी करतात. त्यांच्यापुढे ही पिशवी आली तर ती साध्या पिशवीहून वेगळी ओळखायची कशी? तुम्ही घरातल्याच जाड पिशव्या न्या आणि नेलेलं सगळं परत आणा.

कायद्याचं थोडक्यात, पण हे नीट वाचा, कारण यात तुम्ही स्वतः अडकता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’, ‘नैसर्गिक’, ‘कार्बन न्यूट्रल’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. दावा वस्तूबद्दल आहे, वेष्टनाबद्दल, की बनवण्याच्या प्रक्रियेबद्दल, हे सांगावं लागतं. खुलासा क्यूआर कोडमधून दिला तरी चालतो, पण तो द्यावा लागतो. जाहिरात मानक परिषदेचे असेच नियम १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. कंपनीच्या पैशांवर वस्तूची शिफारस करणारा गट हा कायद्याच्या दृष्टीने जाहिरातीचा भाग असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला निर्मात्याइतकाच शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय वर्षभर शिफारस करायला बंदी. दाव्याची पुरेशी खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर शिफारस करणाऱ्याला संरक्षण मिळतं. म्हणूनच कंपनीला पाठवलेले ईमेल आणि आलेली उत्तरं जपून ठेवा. आणि प्रायोजकत्व घेतलं आहे हे प्रत्येक पोस्टमध्ये ठळक लिहा.

हे सगळं झालं सामानाचं. कड्यावर तुमच्या चढाईचा खरा परिणाम जो होणार, त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नव्हता, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते.

तुम्ही चढणार तो हंगाम भारतीय गिधाडांच्या विणीचा आहे. नोव्हेंबरपासून पुढे ती कड्यांच्या कपारींत अंडी घालतात आणि पिल्लं वाढवतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे (मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जातं) ही जात देशभरात ९० टक्क्यांहून अधिक घटली, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि उरलेल्या जोड्या आज मोजक्या कड्यांवर आहेत. शाहीन ससाणाही याच महिन्यांत कड्यांवर घरटं करतो. कातळावर पांढरी विष्ठा ओघळलेली दिसली, गिधाडं एकाच कपारीकडे वारंवार परतताना दिसली, तर ती बाजू त्या हंगामात सोडायची. पायथ्याच्या गावातले गुराखी तुम्हाला अर्ध्या तासात सांगतील कुठे काय आहे, आग्या मोहोळ कुठे आहे तेही. मोहोळ जाळून मार्ग मोकळा करणारे गट मी पाहिलेत आणि त्यांच्या चढाईला मी चढाई मानत नाही. तसंच पकडी मोकळ्या करायला खोबणीतलं गवत-माती उपसू नका. खरपुडीसारख्या, फक्त या डोंगरांत उगवणाऱ्या वनस्पती नेमक्या त्या इंचभर मातीत असतात.

बोल्टांचं. १९७२ मध्ये इव्हॉन शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आरोहकांना पिटॉन, म्हणजे भेगेत ठोकायच्या लोखंडी मेखा, सोडून भेगेत अडकवून पुन्हा काढता येणारे नट वापरायला सांगितलं, कारण वारंवार ठोकलेल्या पिटॉनने अमेरिकेतल्या योसेमिटीच्या कड्यांच्या भेगा फाटत होत्या. तेव्हा त्यांचा स्वतःचा धंदाच मुख्यतः पिटॉनवर चालत होता! स्वतःच्या खपाला कात्री लावून केलेला हा पर्यावरणाचा दावा होता, म्हणून मी तो मानते. पण योसेमिटीचा ग्रॅनाइट वेगळा आणि आपला बेसॉल्ट वेगळा. आपल्या भेगा उथळ आणि बाहेर उघडणाऱ्या, मध्ये ठिसूळ थर, सुटे धोंडे. केवळ नट-फ्रेंड अशा काढता येणाऱ्या साधनांवर चढायचा हट्ट जिवावर बेतू शकतो. त्यामुळे बोल्ट लागतील तिथे मारा, पण कमी मारा आणि टिकाऊ मारा. साधे झिंकचा मुलामा दिलेले बोल्ट आपल्या पावसाळ्यात काही वर्षांत गंजतात, मग दुसरा गट शेजारी नवं भोक पाडतो. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील महाग असतं, प्रायोजकाचे पैसे इथे लावा म्हटलं ते यासाठीच. किल्ल्याच्या तटाला, पायऱ्यांना, कोरीव कातळाला ड्रिल लावायचा विचारही नको. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत. तुमचा कडा त्यांपैकी एखाद्याच्या पोटाशी असेल तर परवानगी कुणाकुणाची लागते ते आधी बघा. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी तर हवीच.

सुरक्षेच्या सामानावर ‘इको’ लिहिलंय म्हणून सूट देऊ नका. ईएन म्हणजे युरोपीय मानक: दोरावर ईएन ८९२, हार्नेसवर (कमरेच्या सुरक्षापट्ट्यावर) ईएन १२२७७, कॅराबिनरवर (दोर जोडायच्या कडीवर) ईएन १२२७५, हेल्मेटवर ईएन १२४९२ असलंच पाहिजे. ते नसेल तर वस्तू कितीही हरित असो, परत करा. जॅकेट वीस वर्षं शिवून-सांधून वापरा, त्याचं मला कौतुक आहे. दोर आणि हार्नेस मात्र निर्मात्याने दिलेल्या मुदतीपलीकडे वापरू नका. बहुतेक निर्माते न वापरलेल्या मालालाही जास्तीत जास्त दहा वर्षं देतात.

प्रायोजकाला वाक्य हवंच असेल, तर मी असं लिहून देईन: ‘अमुक कड्याच्या पश्चिम बाजूवर जमिनीपासून माथ्यापर्यंत नवा मार्ग. इतके स्टेनलेस बोल्ट कायम ठेवले, घरटी असलेला पट्टा टाळला, दोर आणि सगळा कचरा खाली आणला. प्रवासाला इतकं इंधन लागलं. खर्चाचा इतका भाग अमुक कंपनीने दिला.’ आकडे उतरल्यावर भरा, आधी नाही. मार्गाचा नकाशा, बोल्टांच्या जागा आणि तारीख इथल्या दोन-तीन संस्थांकडे नोंदवा, म्हणजे पुढच्या गटाला मार्ग तपासता येईल आणि नवं भोक पाडावं लागणार नाही.

कंपनी यावर अडून बसली आणि पुरावा न देता तीच जाहिरात दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ लागली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि तुमचा पत्रव्यवहार जोडा. ग्राहक पंचायतीचं काम १९७४ मध्ये पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी सुरू केलं. तक्रार कशी मांडायची हे समजावून सांगणारे कार्यकर्ते या शहरात आजही भेटतात. परवानगीचे अर्ज मात्र याच महिन्यात टाका, आणि त्या बाजूची घरटी बघायला दुर्बीण घेऊन एकदा सकाळी लवकर पायथ्याला जाऊन या. कपारी रिकाम्या दिसल्या तर मला कळवा, बोल्टांची यादी आपण एकत्र बसून करू.